साहेब कामात आहेत

माझे वडील तालुक्याच्या कचेरीत शिपाई होते. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. आमचं गाव कल्याणहून एसटीने जाण्यासारखं. तिथल्या कचेरीच्या व्हरांड्यात अण्णांचं एक लाकडी स्टूल होतं आणि त्याच्या शेजारी साहेबांच्या खोलीचं हिरवं दार. सगळी नोकरी त्यांनी त्या दाराबाहेर काढली. घंटी वाजली की आत जायचं, उभ्या उभ्या ऐकायचं, बाहेर यायचं. बाकी वेळ येणाऱ्या माणसाला थोपवायचं. आवाज न चढवता ते म्हणायचे, "साहेब कामात आहेत. बसा थोडं." एवढ्यावर मोठमोठे बागायतदार बाकावर गप्प बसलेले मी शाळेतून येता-जाता पाहिले आहेत.

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी गेलो, त्याचं श्रेय माझं कमी आणि इतरांचं जास्त. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी त्यांचा स्वतःचा रेडिओ मला उघडू दिला होता आणि तो पुन्हा न जुळल्यावरही रागावले नव्हते. कॉलेजच्या दिवसांत कल्याणला मावशीने जेवू घातलं. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी हातात आली तेव्हा अण्णांनी ती देवापुढे न ठेवता आधी कचेरीत नेऊन दाखवली. त्यांच्या हिशेबी क्रम तोच बरोबर होता.

मला ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका लहान कंपनीत नोकरी लागली. कारखान्यातल्या यंत्रांना लागणारे कंट्रोलर आम्ही बनवायचो. माझं काम सर्किट बोर्डाचं रेखाटन करण्याचं. बोर्डावर तांब्याच्या बारीक रेघा असतात. कुठली रेघ कुठून निघून कुठे पोचायची हे ठरवायचं आणि मोठ्या पारदर्शक फिल्मवर काळी टेप चिकटवून ती काढायची. पुढे त्या फिल्मचा फोटो लहान करून त्यावरून बोर्ड तयार होत. मुंबईत काही जण हे काम कॉम्प्युटरवर करू लागले होते. आमच्याकडे होती एक दुधी काचेची पेटी, आत ट्यूबलाइट, हातात ब्लेड आणि टेपची रिळं.

नोकरी लागल्यावर अण्णा एकदा ती जागा बघायला आले. कंपनी केवढी, बनतं काय, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. आमच्या खोलीला काचेचं दार होतं आणि त्यावर 'परवानगीशिवाय आत येऊ नये' अशी पाटी. त्यांनी दार एकदा उघडून हळूच लावून पाहिलं.

"दार चांगलं आहे," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की मुलगा आता दाराच्या आतल्या बाजूला बसतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून घेतलं आहे.

अण्णा निवृत्त झाल्यावर मी त्यांना आणि आईला डोंबिवलीला आणलं. पश्चिमेला कोपरच्या बाजूला आम्ही पहिल्या मजल्यावर एक हॉल, एक खोली आणि स्वयंपाकघर अशी जागा घेतली होती. मागे अजून शेतं होती, त्यापलीकडे खाडी. बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी होती ती एका आगरी आजोबांची. त्यांचं बैठं घर फाटकाला लागूनच होतं आणि ते दिवसभर ओट्यावर बसलेले असत. अण्णांचं त्यांच्याशी जमलं. सकाळी मी बॅग घेऊन निघालो की अण्णा ओट्यावर जाऊन बसत आणि मी वळणाआड होईपर्यंत पाहत. "आमचा मुलगा. ठाण्याला इंजिनियर आहे," हे आजोबांना पाठ झालं असणार, तरी ते दर वेळी नव्याने मान डोलवत.

असं सुरळीत चालू असताना कंपनीच्या मालकांनी मला बोलावलं. ते स्वतःही इंजिनियर, बोलायला मोकळे.

"हे बघ, वरचा हॉल मी सोडतोय, भाडं परवडत नाही," ते म्हणाले. "खाली असेम्ब्लीलाच जागा पुरत नाहीये. तुझं टेबल कुठे लावू, तूच सांग."

मग त्यांनीच दोन बोटं वर केली.

"तर दोनच रस्ते. टेस्टिंगला उभा राहा, नाहीतर काचेची पेटी घरी घेऊन जा. पगार तोच. काम झालं की फिल्म आणून द्यायची."

"घरी?"

"घरी. बाहेर करतात असं लोक. पण आधीच सांगतो, घरून केलेला पहिलाच बोर्ड चुकला, तर मी हे काम मुंबईला देणार आणि तू टेस्टिंगला. मग कुरकुर करायची नाही."

टेस्टिंगचं काम हलकं नव्हतं. पण कोऱ्या फिल्मवर शेकडो रेघांना एकमेकींना न शिवता वाट काढून देणं हे माझं होतं. ते मला येत होतं आणि आवडत होतं. मी पेटी घरी आणायचं कबूल केलं.

टेम्पोतून पेटी उतरली तेव्हा अर्धी बिल्डिंग गॅलरीत आली. दोघांनी ती जिन्यातून वर चढवली आणि आतल्या खोलीत ठेवली. अण्णा तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "त्यांना ठाऊक आहे ना, तू हे घरी आणलंयस ते?"

"अण्णा, त्यांनीच पाठवलंय."

"तोंडी? आमच्याकडे साधी फाईल घरी नेली म्हणून एका क्लार्कला घरी बसवलेलं."

त्यांना पटवता पटवता माझी पुरेवाट झाली. कचेरीतली वस्तू घरी आली म्हणजे एक तर ती चोरली किंवा माणसाला काढलं, तिसरी शक्यता त्यांच्या अनुभवात नव्हती. शेवटी ते म्हणाले, "बरं. पण ह्या खोलीला दारही नाही." खरंच, आम्ही तिथे नुसता पडदा लावला होता.

माझं घरचं ऑफिस सुरू झालं. खोलीत पंखा चालणार नव्हता, कारण रेघांच्या टोकाला चिकटवायच्या बारीक काळ्या चकत्या वाऱ्याने उडत. आईला तळण बंद करावं लागलं, कारण तेलकट धुराने टेप धरत नसे. "तुझ्या कंपनीला सांग, माझ्या पुऱ्या राहिल्यात," असं ती रोज एकदा ऐकवायची. तेवढं चालण्यासारखं होतं. खरी अडचण होती ती वेगळीच. सकाळी गाडीची वेळ झाली की आमच्या बिल्डिंगमधले सगळे पुरुष निघून जात. धडधाकट असा मी एकटाच मागे उरलो होतो आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

समोरच्या काकूंनी सुरुवात केली. काकू शाळेत शिक्षिका होत्या, दुपारपाळीच्या. बोलणं अगदी शुद्ध आणि गोड.

"अरे, तू घरीच आहेस ना? आमची किल्ली ठेवतोस का? गॅसवाला आला तर तेवढं सिलेंडर आत घेऊन ठेव."

मग वरच्या मजल्यावरच्यांची किल्ली आली. त्यांच्या शेजारच्यांची आली. टाकी भरली की पंप बंद करणं माझ्याकडे आलं. कोणाचा मुलगा शाळेतून आला की आई येईपर्यंत आमच्या हॉलमध्ये बसू लागला. कोणी वाईट हेतूने करत नव्हतं. घरी असलेला माणूस मोकळा असतो, असंच सगळे धरून चालले होते.

अण्णांचं ओट्यावर जाणं थांबलं. त्याचं कारण मला आईकडून कळलं. आजोबांनी विचारलं होतं, "अण्णा, तुजा पोरगा दिसभर घरान दिसतंय. कंपनी बंद परली काय रं?" त्या वर्षांत वागळे इस्टेटमध्ये आणि आमच्या एमआयडीसीत फाटकांना कुलपं लागत होती, त्यामुळे प्रश्न काळजीचाच होता. अण्णा ओट्यावरून उठले. घरी येऊन ते आईला म्हणाले, "काय सांगू? पडद्यामागे बसतो म्हणून?"

मला ते लागलं. मी दुसऱ्या दिवसापासून इस्त्रीचा शर्ट, पँट, पट्टा असा सगळा पोशाख करून पेटीपुढे बसू लागलो. त्याने बाहेर काही फरक पडला नाही. फक्त काकू म्हणाल्या, "कुठे निघालास की काय? जाता जाता पंप बघ."

त्याच आठवड्यात एकदा मी फिल्म उलटी करून मागच्या बाजूची टेप दाबत होतो. बेल वाजली. गॅसवाला. काकूंचं कुलूप उघडलं, सिलेंडर आत घेतलं, रिकामं दिलं, त्याने पुस्तक मागितलं ते सापडेना. सगळं आटोपून परत आलो आणि जिथे थांबलो होतो तिथून पुढे टेप ओढायला लागलो. अण्णा हॉलमध्ये बसून हे सगळं बघत होते. मी पडद्याआड जाताना ते म्हणाले, "साहेबाला मध्येच उठवलं की तो दुपारपर्यंत परत कागदात जात नाही. मी पाहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातलं स्टूल जागेवर नव्हतं. मी कामाला बसलो. बेल वाजली नाही. थोड्या वेळाने मुख्य दाराबाहेरून बोलण्याचा आवाज आला.

"अण्णा, इथे जिन्यात का बसलात?" काकूंचा आवाज.

"काय काम होतं?"

"काही नाही, त्याला म्हटलं जरा..."

"साहेब कामात आहेत. किल्ली माझ्याकडे द्या."

ब्लेड माझ्या हातातच राहिलं. तोच आवाज होता, तेच शब्द, आणि साहेब मी होतो. बाहेर जाऊन पाहिलं तर अण्णा स्टुलावर ताठ बसलेले, डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर किल्ल्या. ज्या कामातून त्यांना सोडवायचं म्हणून मी शिकलो, त्याच कामावर ते माझ्या दारात रुजू झाले होते, तेही जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत.

"अण्णा, आत चला. हे बरं दिसत नाही."

"कोणाला?"

"मलाच. तुम्ही माझे शिपाई आहात का?"

त्यांनी मांडीवरच्या किल्ल्या सारख्या केल्या. मग म्हणाले, "तुझ्यासाठी नाही बसलो. आत काम चाललं असलं की बाहेर कोणीतरी लागतं. दार असतं तर नसतो बसलो. जा, तुझं राहिलंय."

मी आत गेलो. लाज वाटत होती हे खरं, आणि त्या दिवशी काम कधी नव्हे इतकं सरळ झालं, हेही खरं.

पंप अण्णा बंद करत. मुलांना ते जिन्याच्या पायऱ्यांवर बसवून पाढे म्हणून घेत. आठवड्याभरात लोकांना वळण लागलं. आगरी आजोबा एकदा वर चढून आले, अण्णांना टोपीत बघून म्हणाले, "ह्यो काय, परत नोकरीला लागलास?"

"लागलो," अण्णा म्हणाले. "मुलाचं ऑफिस आहे आत."

"घरान ऑफिस?"

"घरात. हळू बोला जरा."

आजोबा खरोखर हळू बोलू लागले. अण्णांनी 'ऑफिस' हा शब्द त्या खोलीसाठी वापरलेला मी पहिल्यांदाच ऐकला आणि पेटीवर वाकल्या वाकल्या मला हसू आलं.

फिल्म पुरी झाली. पहिलीच म्हणून दुसऱ्या दिवशी मालकच ती न्यायला येणार होते आणि एक काम उरलं होतं, जे एकट्याने होत नाही. आमच्या धंद्यात फिल्म तपासायला दोन माणसं लागतात. एकाने सर्किटवरून काढलेली जोडण्यांची यादी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने फिल्मवर ती रेघ शोधून खूण करायची. ज्याने काढलं त्यानेच मनात वाचलं, तर त्याला कागदावरचं न दिसता मनातलं दिसतं. ऑफिसात माझा सहकारी वाचायचा. घरी कोण वाचणार? काकूंना विचारावं असं मनात आलं. तेवढ्यात मला कचेरीतल्या फायलींवरचे नंबर आठवले. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं, पण मोठ्या लिपीतली अक्षरं आणि आकडे ते सगळी नोकरीभर वाचत आले होते. त्यावरच तर फायली सापडायच्या.

मी बाहेर जाऊन म्हटलं, "अण्णा, आत येता का? काम आहे."

ते आले आणि पडद्याशी उभे राहिले. मी खुर्ची पुढे केली.

"उभ्यानेच वाचतो की."

"वेळ लागेल. बसा."

"तू?"

"मी काचेवर वाकलेला असणार. खुर्ची रिकामीच राहते."

त्यांनी टोपी काढून खिडकीत ठेवली आणि बसले, पण अगदी कडेला, घंटी वाजली तर उठायला बरं म्हणून असावं. मग बोट ठेवून वाचायला लागले. "यू एक, पाय दोन. ते आर चार, पाय एक." यू म्हणजे चिप, आर म्हणजे रेझिस्टर आणि पाय म्हणजे त्यांची जोडायची टोकं. मी रेघ शोधायचो, "आहे" म्हणायचो, ते पेन्सिलीने बरोबरची खूण करायचे. माझा सहकारी भराभर वाचायचा, सारख्या जोडण्या आल्या की "पुढचं तेच" म्हणून उडी मारायचा. अण्णा उडी मारत नव्हते. मी "आहे" म्हटल्याशिवाय त्यांचं बोट खाली सरकत नव्हतं.

दुपारी आईने दारातूनच जेवायला विचारलं आणि आमच्याकडे बघून गेली.

जेवणानंतर अण्णांनी वाचलं, "यू सात, पाय तीन. ते आर बारा, पाय दोन."

मी पाहिलं. रेघ नव्हती. पुन्हा पाहिलं. आर बारापासून निघालेली रेघ त्याच चिपच्या दुसऱ्या बाजूच्या पायाला जाऊन मिळाली होती.

"आहे?" अण्णांनी विचारलं.

"पुढचं वाचा."

पुढचंही तसंच. त्यापुढचंही. मी सरळ उभा राहिलो. चिपला दोन बाजूंना पाय असतात. ते वरून मोजले तर एका दिशेने जातात, खालून मोजले तर उलट्या दिशेने. त्या एका चिपच्या सगळ्या रेघा मी उलट्या मोजून काढल्या होत्या, डाव्या हातात उजवा हातमोजा चढवावा तशा. फिल्म उलटी असताना मी उठलो होतो आणि परत येऊन ती तशीच उलटी असताना पुढे टेप ओढली होती. दोन्ही बाजूंना टेप असल्यावर उलटी फिल्म चटकन ओळखू येत नाही. गॅसवाल्याचा दिवस.

मी अण्णांना सांगितलं. घाम आला होता, आणि पंखा लावता येत नव्हता.

"निघतं का?" ते म्हणाले.

"निघतं. सोलून परत काढावं लागेल. पण आजूबाजूच्या रेघाही हलवाव्या लागतील. उद्या ते येतील त्या वेळेपर्यंत होईल कदाचित."

"मग काढ. झालं की मी पहिल्यापासून वाचतो."

"फक्त एवढाच भाग वाचला तरी चालेल."

"हलवलंयस ना आजूबाजूचं? पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी टेप पुन्हा लागली आणि अण्णा पहिल्यापासून वाचायला बसले. आता ते खुर्चीत मागे टेकून बसले होते. शेवटच्या काही जोडण्या राहिल्या असतील नसतील, तोच बेल वाजली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जिन्यातलं स्टूल रिकामं होतं.

आईने दार उघडलं. मालक स्वतः आले होते.

"आहे का घरी?" त्यांनी विचारलं.

"आहेत," आई म्हणाली. "दोघं कामात आहेत. बसा थोडं. चहा टाकते."

मालक बसले. मला उठून जावंसं वाटत होतं, पण अण्णांचं बोट कागदावर होतं आणि त्यांनी पुढची ओळ वाचली. मी रेघ शोधली. "आहे." मालकांचा चहा संपेपर्यंत आमची यादी संपली.

एक गोष्ट उरली होती. आमच्याकडे बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दोन माणसांची आद्याक्षरं घालायची पद्धत होती, काढणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. तीच पुढे तांब्यात उमटत. मी माझी चिकटवली होती. शेजारी अण्णांची चिकटवली आणि फिल्म बाहेर आणली.

मालकांनी ती खिडकीसमोर धरून बराच वेळ न्याहाळली. मग कोपऱ्याकडे आले.

"हा दुसरा कोण?"

"माझे वडील. त्यांनी वाचलं."

त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा सवयीने उभे होते. "चुकलं तर तुम्हालापण विचारणार हां," मालक म्हणाले.

"विचारा," अण्णा म्हणाले.

विचारण्याची वेळ आली नाही. बोर्ड बनून आला, त्यावर सुटे भाग बसले आणि पहिल्याच दिवशी तो चालला. पुढच्या बोर्डाचं सर्किट मालकांनी माझ्या हातात दिलं ते घरी न्यायलाच. त्यानंतर कॉम्प्युटर येईपर्यंत जेवढे बोर्ड त्या खोलीतून गेले, त्या सगळ्यांच्या कोपऱ्यात आम्ही दोघं आहोत. ते बोर्ड बसवलेली यंत्रं कुठल्या कुठल्या कारखान्यांत गेली असतील. कव्हर उघडणाऱ्या कारागिराला ती अक्षरं कोणाची हे कळायचं कारण नाही. मला कळतं, तेवढं पुरे आहे.

त्यातला एक कोरा बोर्ड मालकांनी अण्णांना दिला. तो हातात घेऊन ते ओट्यावर गेले. आगरी आजोबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्यान तू काय केलंस?"

"तपासला," अण्णा म्हणाले.

पुढे ते जिन्यात बसले नाहीत. त्यांची जागा आत होती, खिडकीजवळच्या खुर्चीत. वाचायचं काही नसेल तेव्हा पेपर घेऊन. स्टूल मात्र जिन्यात तसंच राहिलं. ते आत घेऊ या असं मी एकदा म्हणालो, तर आई म्हणाली, "राहू दे, लोकांना कळतं." संध्याकाळी काम आवरून दार उघडलं की त्यावर कोणाची तरी किल्ली, काकूंचं गॅसचं पुस्तक, कधी झाकलेली वाटी असायची. बेल कोणी वाजवलेली नसायची.